सर्वांना एकच ग्लायडर. तरी तो मागे का पडला?

ग्लायडरला इंजिन नसते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मग ग्लायडरच्या स्पर्धेत जिंकते कोण? वैमानिकाचे कौशल्य, की महागडे ग्लायडर?

हा वाद मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने 'जागतिक वर्ग' सुरू केला. या वर्गात सर्वांनी एकाच नमुन्याचे, स्वस्त व सुरक्षित ग्लायडर वापरायचे होते. पोलंडमधील वॉर्सा तंत्रविद्यापीठाच्या 'पीडब्ल्यू-५' ची निवड झाली. १९९७ साली तुर्कस्तानात या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तरीही बहुतेक वैमानिक त्याकडे वळले नाहीत. असे का झाले?

थोडे गणित करू. पीडब्ल्यू-५ एक मीटर खाली येईपर्यंत सुमारे ३२ मीटर पुढे जाते. १९८० सालचे 'एलएस-४' सुमारे ४० मीटर जाते. समजा, हवा शांत आहे, उंची १००० मीटर आहे आणि धावपट्टी ३६ किलोमीटर दूर आहे. एलएस-४ तेथे पोचेल, तेव्हा १०० मीटर उंची शिल्लक असेल. पीडब्ल्यू-५ मात्र ४ किलोमीटर अलीकडेच कुणाच्या तरी शेतात उतरेल!

याचे एक कारण पंखात आहे. पंखाखालच्या हवेचा दाब वरच्यापेक्षा जास्त असतो. म्हणून टोकाशी हवा खालून वर वळते, भोवरे होतात आणि ऊर्जा वाया जाते. पंख लांब असला, तर हा तोटा कमी होतो. एलएस-४ चा पंखविस्तार १५ मीटर, तर पीडब्ल्यू-५ चा १३.४४ मीटर. दुसरे कारण वजन. हलके ग्लायडर गरम हवेच्या मंद झोतातही छान वर चढते; पण वेगाने पुढे जाऊ लागताच ते भराभर उंची गमावते. म्हणूनच इतर वर्गांतील स्पर्धक पंखांत पाणी भरून मुद्दाम वजन वाढवतात.

शिवाय नव्या पीडब्ल्यू-५ च्या किमतीत १५ मीटरचे जुने, पण सरस ग्लायडर मिळू शके. मग कोण कशाला कमी पल्ल्याचे घेईल?

मग 'सर्वांना एकच ग्लायडर' ही कल्पनाच चुकीची होती का? तसे नाही. १९४० च्या ऑलिंपिकसाठी जर्मनीचे 'माइझे' असेच निवडले गेले होते. युद्धामुळे ते ऑलिंपिक झाले नाही. पण माइझे त्या काळी उत्तम असल्याने युद्धानंतर ब्रिटन व फ्रान्समध्येही बनवले गेले.

पुढे जागतिक वर्ग बंद झाला. त्याच्या जागी १३.५ मीटर वर्ग आला, त्यात एकाच नमुन्याची सक्ती नाही.

आता तुम्ही सांगा : समोरून वारा असेल, तर वरच्या गणितात कोणाचे नुकसान अधिक होईल?