अर्धवट गोधडीचा अभ्यास

गोधडी आपल्यापैकी बहुतेकांनी अंगावर घेतलेली असते, आणि कदाचित म्हणूनच तिच्याकडे कोणी निरखून पाहिलेले नसते. माझेही तसेच होते. तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय निवडायची वेळ आली, तेव्हा वर्गातल्या मुलींनी जात्यावरच्या ओव्या, कानबाईची गाणी, आखाजीची गाणी असे विषय भराभर घेऊन टाकले. सरांनी मला विचारले, "तुझ्या घरात काय आहे?" मी म्हटले, "गोधड्या आहेत." वर्ग हसला. सर हसले नाहीत, आणि मला विषय मिळाला.

पहिले दोन महिने मी चुकीच्या पद्धतीने अभ्यास केला हे आधी कबूल करते. जळगाव, अमळनेर आणि धुळे येथील ओळखीच्या अकरा घरांत जाऊन मी गोधड्या मोजल्या. लांबी, रुंदी, वजन, वरच्या ठिगळांचे रंग, टाक्यांमधले अंतर, असे रकाने आखून वही भरली. वही पाहून सरांनी एकच प्रश्न केला, "आत काय आहे?" मला उत्तर देता येईना. गोधडीचा अर्ध्याहून अधिक भाग पोटात असतो, आणि पोट शिवलेले असते. आत कुणाचे धोतर आहे, कोणते लुगडे आहे, कोणता थर आधी घातला, हे पुरी झालेली गोधडी सांगत नाही. शिवणारीला विचारावे, तर दहा वर्षांपूर्वीचे तिलाही धड आठवत नाही. तेव्हा पाहायची ती अर्धी शिवलेली गोधडी. आणि तशी एक आमच्याच घरी, अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी, माच्यावर घडी घालून सात वर्षे पडलेली होती. ती माझ्या आजीची.

आजीची शिवण्याची रीत अशी. जुने सुती लुगडे दुहेरी करून जमिनीवर पसरायचे आणि चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, जे जड सापडेल ते ठेवायचे. हे झाले खालचे अंग. त्यावर कडेने फडकी मांडायची, त्यांवर वरचे ठिगळ ठेवायचे, काठ आत मुडपून धावदोरा घालत जायचे. एक फेरा पुरा झाला की बोटभर आत दुसरा. म्हणजे शिवण कडेकडून मध्याकडे सरकते, चौकोनात चौकोन होत जातात. फडकी आणि ठिगळे सगळी एकदम मांडायची नाहीत. फेरा जसा आत येईल तशी ती पुढे मांडत जायची. जाड शिवणीवर जाड शिवण येऊ द्यायची नाही, नाहीतर सुई मोडते आणि झोपणाऱ्याला तिथेच टोचते. सगळ्या घरी हीच रीत आहे असे नाही. धुळ्यात मी जी घरे पाहिली तिथे वरचा थर आधी पुरा जोडून घेतात, कच्चे टाके घालतात, मग उभ्या सरळ ओळी घालतात. ती गोधडी दिसायला जास्त नीटस असते, हे मान्य केले पाहिजे.

दिवाळीच्या सुटीत मी आजीची गोधडी खाली काढली आणि पुरी करायला बसले. आजीला आता दिसत कमी, हातही थरथरतो. मला वाटले, नजर अधू झाली म्हणून राहिली असेल, आपण पुरी करून देऊ आणि प्रकल्पात छायाचित्रही लावू. त्याआधी मी अमेरिकेतल्या हौशी बायकांनी लिहिलेली माहिती वाचली होती. तिथे स्पष्ट सांगितलेले असते की शिवण मध्यापासून सुरू करावी आणि बाहेर जावे, म्हणजे कापडाचा ढिलेपणा कडेला निघून जातो. मी शहाणपणाने मध्यात सुई घातली. चार दिवसांनी माझी शिवण बाहेर येत आजीच्या शिवणीला भिडली आणि मधल्या पट्ट्यात कापडाचा असा फुगा उठला की त्याखाली मांजर बसले आहे असे वाटावे. आजीने डोळ्यांनी पाहिलेच नाही, हात फिरवला. म्हणाली, "हाई गोधडी शे, परीक्षा नही. उसव." चार दिवसांचे टाके उसवायला मला दोन दिवस लागले.

उसवताना मात्र विचार करायला वेळ मिळाला. माझी चूक कशात होती? मध्यापासून शिवण्याची रीत खोटी नाही. ज्या बाईजवळ सगळे कापड एकदम असते, थर आधी मांडून पक्के करता येतात, तिच्यासाठी ती बरोबरच आहे. कडेकडून शिवण्याची रीतही बरोबर आहे, कारण तिच्यात मधला भाग शेवटपर्यंत मोकळा असतो आणि ढिलेपणा तिथे हाताने सारखा करता येतो. दोन्ही रीती एका गोधडीत आणल्या की ढिलेपणाला जायला जागा उरत नाही. आणि इथेच मला या कामातले मर्म सापडले असे वाटते. कडेकडून शिवलेली गोधडी मध्ये उघडी राहते. त्या उघड्या जागेत आज फडके नसेल तर उद्या घालता येते, पुढच्या वर्षी घालता येते. ज्या घरात कापड फाटेल तेव्हाच गोधडीला मिळते, त्या घराची ही रीत आहे. अर्धवट राहण्याची सोय तिच्या शिवणीतच केलेली आहे.

मी थोडे गणित मांडून पाहिले. आजीची गोधडी सहा फूट लांब, चार फूट रुंद. फेऱ्यांमधले अंतर सुमारे दोन सेंटिमीटर. सगळे फेरे एकापुढे एक ठेवले तर १११ मीटरच्या आसपास लांबी भरते. सेंटिमीटरला एक टाका धरला तर ११ हजारांवर टाके झाले. मिनिटाला आठ टाके हा माझा वेग (आजीचा तरुणपणी याहून नक्कीच जास्त असणार). त्या हिशेबाने सगळे काम साधारण २३ तासांचे. रोज दुपारी तासभर दिला तरी महिन्याच्या आत गोधडी व्हावी. मग सात वर्षे कशी?

काही भाग ऋतूचा आहे. आमच्याकडे पेरणी-निंदणीच्या दिवसांत सुई हातात धरायला कोणाला सवड नसते, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू होते ती थंडीभर चालते. म्हणजे गोधडी हवी असते थंडीत, आणि शिवायला सवड मिळते ती चैत्र-वैशाखात, जेव्हा तिच्याकडे पाहूनच घाम फुटतो. आखाजीला लेकी माहेरी येतात. झोके, गौराई, मांडे आणि आमरस हे सर्वांना माहीत आहे. पण जेवणे आटोपल्यावर दुपारी ओसरीवर गोधडी पसरली जाते आणि चार बाजूंनी चार जणी बसतात, हे गाण्यांच्या अभ्यासात येत नाही. एका बाजूचे टाके लांब, दुसऱ्या बाजूचे बारीक, अशी गोधडी पाहिली की ती आखाजीत शिवली असे खुशाल समजावे. आमच्या गोधडीची पूर्वेकडची बाजू बारीक टाक्यांची आहे. ती माझ्या फुईची, म्हणजे आत्याची.

उरलेला भाग कापडाचा आहे, आणि तो खान्देशाच्या इतिहासाशी जोडलेला आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनीतला कापूस, धरणगावसारख्या गावांतले विणकाम (सतराव्या शतकात इंग्रजांनी धरणगावला वखार घातली ती काही आमच्या हवेसाठी नव्हे), पुढे जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, अशा या मुलखात सुती कापडाला तोटा नव्हता. नऊवारी लुगडे सत्तावीस फूट लांब. सहा फुटांच्या घड्या केल्या तर चार थर होऊन वर तीन फूट उरते, आणि रुंदी गोधडीच्या रुंदीइतकीच. चौघडीचे माप लुगड्यातूनच निघालेले दिसते. मात्र लुगडे आधी नेसून, धुऊन, दांड घालून पुन्हा नेसून मऊ झालेले पाहिजे. नव्या कापडातून सुई जाते, पण पाच-सहा थरांतून बोट दुखवूनच जाते.

आता कपाटात जे जुने निघते ते बहुतेक पॉलिएस्टर. शंभर ग्रॅम कोरडा कापूस हवेतले सुमारे आठ ग्रॅम पाणी शोषतो, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. म्हणून त्या गोधडीत उन्हाळ्यात जीव गुदमरतो आणि थंडीत ती अंगाला चिकटत नाही. शिवाय कापलेली कड सारखी उसवते. जळगावच्या एका काकूंनी मला चकचकीत साड्यांची गोधडी दाखवली. रंग पाहून डोळे दिपावेत, पण घरात ती कोणी पांघरत नाही, पाहुणे आले की पलंगावर अंथरतात. धुळ्याच्या एक निवृत्त शिक्षिका शिंप्याकडून फक्त सुती कातरणी मागून आणतात आणि त्रिकोण जोडून दुपटी करतात. त्यांच्याकडे एका वेळी चार कामे अर्धवट असतात आणि त्याची त्यांना मुळीच खंत नाही. "एक पुरी झाली की दुपारी काय करू?" असे त्यांनीच मला विचारले. पाश्चात्त्य देशांतल्या हौशी मंडळींनी अशा राहिलेल्या कामांना 'यूएफओ' असे थट्टेचे नाव दिले आहे, म्हणजे 'अनफिनिश्ड ऑब्जेक्ट'. उडत्या तबकडीचे नाव गोधडीला, हे बाईंना फार आवडले.

वापरून विटलेल्या कपड्यांतून अंथरूण-पांघरूण करणे ही काही एकट्या खान्देशाची मिरास नाही. दक्षिण महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात, बंगालात कांथा. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्याही कडेकडून मध्याकडे येतात आणि कोपऱ्यांवर घडीच्या ठिगळांची 'फुले' लावल्याशिवाय गोधडी पुरी मानत नाहीत. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालायच्या फाटक्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या. आपल्याकडे बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मागे, १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि त्यामुळे टिकली. गोधडी मात्र पांघरून पांघरून संपते, आणि संपली की तिची फडकी दुसऱ्या गोधडीच्या पोटात जातात.

असो. सात वर्षांचा प्रश्न अजून राहिलाच आहे. आजोबा गेले त्या वर्षी आजीने त्यांची धोतरे आत घालून ही गोधडी घेतली होती. त्या आखाजीला फुई दोंडाईच्याहून आली, पूर्वेची बाजू तिने शिवली आणि जाताना म्हणाली की मधल्या भागाला माझी दोन लुगडी पुढच्या खेपेला आणते. पुढची खेप झाली नाही. दरम्यान शेताच्या कागदांचे निघाले, हक्कसोडपत्रावर तिची सही मागितली गेली. तिने सही दिली, भांडली नाही, आणि त्यानंतर आखाजीला आली नाही. घरात हा विषय कोणी काढत नसे. आजीला गोधडीबद्दल विचारले की ती एवढेच म्हणे, "कापड उनं म्हणजे शिवसू." मी ते कापड म्हणजे कोणतेही कापड समजत होते. घरात फडक्यांची दोन गाठोडी पडलेली असताना सात वर्षे ती कशाची वाट पाहते आहे, हे टाके उसवत बसेपर्यंत माझ्या लक्षात आले नाही. (हे छापावे की नाही म्हणून मी वडिलांना विचारले. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "लिही.")

मी फुईला पत्र लिहिले. फोन केला असता, पण फोनवर मला बोलता आले नसते. पत्रात हक्कसोडीचे काही लिहिले नाही. गोधडीचे माप दिले, मध्ये किती जागा उघडी आहे ते दिले, आणि तिच्या बाजूचे टाके सर्वांत बारीक आहेत हे लिहिले. तीन आठवडे उत्तर नव्हते. मग सुरतेकडून येणाऱ्या गाडीने तिचा मोठा मुलगा कॉलेजच्या कामासाठी जळगावला जाताना अमळनेरला उतरला आणि कापडी पिशवी देऊन, चहा घेऊन, पुढच्या गाडीने गेला. पिशवीत दोन लुगडी होती, एक हिरवे, एक अंजिरी, दोन्ही धुऊन मऊ झालेली. चिठ्ठी नव्हती. आजीने अंजिरी लुगडे नाकाशी धरले आणि मला सुई ओवायला सांगितली.

आता मी सुटीत गावी गेले की आम्ही दोघी बसतो. मी शिवते, आजी बोटाने अंतर मोजते आणि टाका लांब गेला की हातावर चापट देते. वडील एकदा येऊन कोपऱ्यावर वरवंटा सरळ ठेवून गेले. हे लिहिते आहे तेव्हा मध्ये साधारण दीड हात लांब आणि हातभर रुंद जागा उघडी आहे. हिरवे लुगडे संपले, अंजिरी अर्धे उरले आहे. काम फार तर चार-पाच दुपारींचे. प्रकल्प सादर करायच्या तारखेआधी ते सहज होईल असे मी आजीला सांगितले, तेव्हा तिने सुई दोऱ्यासकट कापडात खोचली, घडी घातली आणि गोधडी पुन्हा माच्यावर ठेवायला लावली. आखाजीला अजून अडीच महिने आहेत.