‘तू कर, जबाबदारी माझी’: मालकाचं सगळ्यात महागडं वाक्य



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण स्टॉकमधली तूट कशी पकडायची ते पाहिलं. मोजणी, रजिस्टर, सही, सगळं झालं. पण एक मुद्दा राहिला. तूट सापडल्यावर मालक काय बोलतो, आणि ते ऐकून त्याची माणसं काय करतात? आजचा लेख त्यावर आहे. उदाहरण लांबचं नाही, आपल्या भायखळ्यातलंच आहे.

दोन अंडी, पाच पाव

23 जून 2017, भायखळ्याचं महिला कारागृह. मंजुळा शेट्ये ही जन्मठेपेची कैदी. चांगल्या वागणुकीमुळे तिला वॉर्डरचं काम दिलेलं होतं. त्या सकाळी नाश्त्याच्या हिशोबात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले. त्यावरून तिला बोलावलं गेलं. आरोप असा, की कारागृहातली एक महिला अधिकारी आणि पाच महिला शिपाई यांनी तिला बेदम मारहाण केली. त्याच दिवशी तिचा मृत्यू झाला. पुढे सहाही जणींना खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली.

कोणाचा दोष किती, हे ठरवायचं काम कोर्टाचं. आपण धंदेवाले आहोत, म्हणून दोन आकडे बघू. पहिला, तूट किती? शंभर रुपयांच्या आतली. दुसरा, आरोपी किती? सहा. आरोप खरा धरला तर प्रश्न असा उरतो, की सहापैकी एकीनेही ‘बस झालं’ का म्हटलं नाही?

आणि बोललं कोण? सहकैदी. दुसऱ्या दिवशी दोनशेहून जास्त बायकांनी तुरुंगात गोंधळ घातला, काही जणी छतावर चढल्या. पोलिसांपुढे जबाबही त्यांनीच दिले. ज्यांना सगळ्यात जास्त भीती असायला हवी, त्याच बोलल्या.

साधी माणसं का थांबत नाहीत?

1961 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. साध्या नोकरदार माणसांना सांगितलं, समोरच्याचं उत्तर चुकलं की बटण दाबून विजेचा झटका द्या. पहिलं बटण 15 व्होल्टचं. प्रत्येक चुकीला 15 व्होल्ट जास्त, असं करत 450 पर्यंत. झटके खोटे होते, ओरडणारा माणूस नाटक करत होता, पण बटण दाबणाऱ्याला हे माहीत नव्हतं. शेजारी कोट घातलेला एक संशोधक शांतपणे म्हणायचा, पुढे चालू ठेवा. 40 पैकी 26 जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. त्यातल्या अनेकांना घाम फुटला, ते वाद घालत होते, पण बटण दाबतच राहिले. जबाबदारी कोणाची, असं विचारलं की संशोधक म्हणायचा, माझी.

या प्रयोगावर टीकाही झाली. काही जणांना नाटकाचा संशय आला होता. नंतरच्या काही अभ्यासकांचं म्हणणं असं, की लोक हुकमाला घाबरून दाबत नव्हते. आपण चांगल्या कामाला मदत करतोय असं त्यांना वाटत होतं. मालकाने हे नीट ऐकावं. तुमचा पोरगाही ‘दुकानाच्या भल्यासाठी’ म्हणूनच मर्यादा ओलांडतो.

याच प्रयोगाचा दुसरा प्रकार फार कामाचा आहे. त्यात बरोबरच्या दोघांनी मध्येच उठून ‘आम्ही करणार नाही’ म्हटलं. मग शेवटपर्यंत गेले 40 पैकी फक्त 4!

दुकानातले 15 व्होल्ट

समजा, तुमचं केटरिंगचं किचन आहे. मालात तूट आली. तुम्ही सुपरवायझरला म्हणालात, ‘जरा बघ त्याच्याकडे. जबाबदारी माझी.’ सुपरवायझर आधी आवाज चढवतो. मग हेल्परचा फोन काढून घेतो. मग ‘कबूल कर, तेव्हाच जेवायला बस’. मग गोडाऊनला बाहेरून कडी. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच मोठी, म्हणून कोणालाच धक्का बसत नाही. तुम्ही तर फक्त ‘बघ’ म्हणाला होतात.

खरं सांगतो, उधारीच्या वसुलीला माणूस पाठवताना हे वाक्य मीही वापरलंय. तेव्हा आपण धीर देतोय असं वाटायचं. प्रत्यक्षात आपण समोरच्याची सदसद्विवेकबुद्धी आपल्या खिशात ठेवत असतो.

कायदा काय म्हणतो?

जुन्या दंड संहितेचं कलम 76, म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 14. कायद्याने बांधील असलेल्या माणसाने त्या बंधनामुळे केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही, असं ते सांगतं. शब्द नीट वाचा. ‘कायद्याने’ बांधील, ‘शेठने’ नाही! ‘मालकाने सांगितलं म्हणून मारलं’ हा बचाव होत नाही. आणि सांगणारा मालकही सुटत नाही, त्याच्यावर अपप्रेरणेचा गुन्हा लागू शकतो. जबाबदारी घेतो म्हटल्याने ती एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. ती दोघांवरही येते.

उद्यापासून काय करायचं?

1. आधी कागद, मग माणूस. तूट दिसली की दुसऱ्याकडून परत मोजून घ्या. चलन, वाटप, फूटतूट तपासा. तोवर कोणालाही बोलवायचं नाही.

2. चार गोष्टी कायमच्या बंद. हात लावणं, कोंडणं, उपाशी ठेवणं, फोन हिसकावणं. पाटीवर लिहून भिंतीला लावा, खाली तुमची सही.

3. पगार कापण्याआधी ऐका. वेतनाच्या कायद्यानुसार नुकसानीची रक्कम कापण्याआधी कामगाराला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. ती लेखी घ्या.

4. ‘थांबा’ म्हणायचा हक्क द्या. सगळ्यांसमोर सांगा, चुकीचं काम सांगितलं तर नाही म्हणायचं, मी सांगितलं तरी. आणि पहिल्यांदा कोणी तुम्हाला नाही म्हणेल, त्या दिवशी त्याची ड्युटी बदलू नका. बाकीची माणसं तेच बघत असतात.

5. वाक्य बदला. ‘तू कर, जबाबदारी माझी’ ऐवजी ‘काय करणार आहेस ते मला आधी सांग’.

गृहपाठ

गेल्या महिन्यात तुम्ही कोणाकोणाला ‘जबाबदारी माझी’ म्हणालात, ते वहीत लिहा. प्रत्येकासमोर लिहा, त्याने नेमकं काय केलं. माहीत नसेल तर आजच त्याला बोलवा, चहा द्या आणि विचारा.

पुढच्या व्हिडिओत याच धाग्यावर बोलू: वसुलीला गेलेल्या माणसाने काय बोलायचं आणि काय नाही. भेटूया!