जुना फिल्म कॅमेरा घेताय? पैसे देण्याआधी ३ चाचण्या

जुने कॅमेरे दुरुस्त करून विकायचेत? मग लक्षात ठेवा, या धंद्यात नफा खरेदीच्या वेळीच ठरतो. व्हिडिओत आपण १९६७ साली आलेला ऑलिंपस ट्रिप ३५ घेतला होता. याला बॅटरी लागत नाही. लेन्सभोवतीचा सेलेनियम सेल उजेड मोजतो.

१. सेल: रिंग ‘ए’वर ठेवा, फिल्म पुढे सरकवायचं चाक अडेपर्यंत फिरवा. लेन्स आणि सेल हाताने पूर्ण झाकून बटण दाबा. आत लाल पट्टी दिसली आणि बटण अडलं, तर ठीक. आता हात काढून भरपूर उजेडात दाबा. तिथेही लाल पट्टी आली, तर सेल गेल्याची शंका घ्या.

२. पाती: मागचं झाकण उघडून कॅमेरा उजेडाकडे धरा. रिंग २२ वर ठेवून बटण दाबा, मग २.८ वर. आधी बारीक, नंतर मोठं भोक दिसायला हवं. फरक नसेल तर पाती तेलकट होऊन चिकटलीत.

३. स्पंज: झाकणाच्या कडेचा काळा स्पंज चिकट झाला असेल, तर फिल्मवर उजेड जातो.

आता हिशेब. स्पंज स्वस्तात बदलतो. पाती आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ होतात (तेल अजिबात घालू नका!), पण लेन्स उघडावी लागते, म्हणून तुमच्या वेळेची मजुरी धरा. सेल मात्र दुसऱ्या कॅमेऱ्यातून काढावा लागतो. असा कॅमेरा सुट्या भागांच्या भावातच घ्या, नाहीतर सरळ सोडा.