रुळांवरून दूधसागर?

प्रश्न : जुलैत आम्ही सहा मित्र कॅसल रॉकपासून रुळांवरून चालत दूधसागरला जाणार आहोत. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, दादर)

उत्तर : हा बेत कृपया रद्द करा. परवानगीशिवाय रुळांवर चालणे हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुलै 2023 मध्ये तिथे गेलेल्या ट्रेकर्सना अडवून उठाबशा काढायला लावल्या होत्या. मला खरी भीती बोगद्यांची वाटते. घाटात पाऊस आणि धबधब्याच्या गर्जनेत गाडीचा आवाज उशिरा कळतो आणि बोगद्यात बाजूला व्हायला जागा अपुरी असते.

दूधसागर गाडीच्या खिडकीतूनच पाहा. रूळ त्याच्या समोरूनच जातात.

चालायचेच असेल, तर दादरहून कर्जत लोकलने नेरळला उतरा, दस्तुरी नाका गाठा आणि तिथून माथेरानपर्यंत लाल मातीच्या पायवाटेने झाडीतून जा. 1907 साली सुरू झालेल्या छोट्या गाडीचे रूळ अधूनमधून सोबतीला असतात. नेरळहून वर येणारी गाडी पावसाळ्यात बंद असते, पण दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंतच्या फेऱ्या चालू असतात. म्हणून इथेही रुळांवर उतरू नका. ओली लाल माती फार निसरडी होते, चांगल्या पकडीचे बूट घाला आणि अंधारापूर्वी दस्तुरीला परता.