एलीयाची दुसरी भाकर
(अभ्यासपाठ: अशक्त वृद्धांचे वजन वाढवण्याची सेवा)

शास्त्रभाग: 1 राजे 19:1-8, रूथ 4:13-17



दसरा-दिवाळी झाली की मालेगाव, सटाणा, कळवण भागातील वस्त्या-पाड्यांवरील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर जातात. घर राखायला म्हातारी माणसे मागे राहतात. एकट्यासाठी चूल कोण पेटवणार, म्हणून सकाळी चहा आणि रात्री उरलेली भाकरी यावर दिवस निघतो. हळूहळू बांगड्या कोपराकडे सरकू लागतात. लोक म्हणतात, "वय झालं, असंच व्हायचं." पण हे असेच व्हायचे नसते. 2017-18 मध्ये झालेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय पाहणीत 60 वर्षांवरील सुमारे 27 टक्के लोक कमी वजनाचे आढळले.

शास्त्र काय शिकवते?

एलीया थकून रतामाच्या झुडपाखाली पडला आणि त्याने मरण मागितले. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला स्पर्श केला आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी दिले. एलीयाने खाल्ले आणि तो पुन्हा झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा खाऊ घातले, आणि मग चाळीस दिवसांची वाट चालण्याचे बळ त्याला आले. म्हणजे थोडे खाणे, विसावा आणि पुन्हा खाणे, हा क्रम शास्त्रातच आहे. रूथच्या पुस्तकात नामीला नातू झाला, तेव्हा तो तिच्या उतारवयात तिचे पोषण करील, असा आशीर्वाद शेजारणींनी उच्चारला. म्हाताऱ्यांचे पोषण हा देवाच्या आशीर्वादाचाच भाग आहे.

1. आधी वजन, मग कारण

उंची 150 सेंमी असेल, तर वजन निदान 42 किलोच्या आसपास असावे. पाठीला बाक आल्याने उंची मोजता येत नसेल, तर दंडाचा मध्यभाग मोजावा. घेर 23.5 सेंमीपेक्षा कमी असेल तर वजन कमी असण्याची शक्यता मोठी. 40 किलोची आजी सहा महिन्यांत प्रयत्न न करता 38 किलोवर आली, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड, कर्करोग, दुखणारे दात, गिळायला त्रास, काही औषधे किंवा मनाची उदासी यांपैकी काहीही कारण असू शकते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. क्षयरोग निघाला तर निक्षय पोषण योजनेतून उपचाराच्या काळात दरमहा 1000 रुपये मिळतात.

झारखंडमध्ये 2,800 क्षयरुग्णांना औषधांबरोबर दरमहा शिधा देऊन झालेला अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन महिन्यांत वजन 1 टक्क्याने वाढले, तरी मृत्यूचा धोका सुमारे 13 टक्क्यांनी कमी दिसला. 40 किलोच्या माणसासाठी 1 टक्का म्हणजे फक्त 400 ग्रॅम!

2. ताट तेच, ताकद जास्त

म्हाताऱ्या माणसाला एकदम जास्त जेवण जात नाही. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. नेहमीच्या जेवणात एवढीच भर घालावी:

- भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, 25 ग्रॅम: सुमारे 140 कॅलरी
- वरणात किंवा भाजीत दोन चहाचे चमचे तेल: 90
- एक अंडे: 70
- एक पेला म्हशीचे दूध: 200

एकूण 500 कॅलरी झाल्या. आठवड्याला पाव किलो वजन वाढले तरी ते चांगले. प्रथिने वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम हवीत. 40 किलोच्या आजीला ती 40 ते 48 ग्रॅम लागतात. डाळ, कुळीथ, उडीद, अंडी, दूध, मासे यांतून ती मिळतात. दात नसतील तर नागलीची आंबील दुधात करावी, भाकरी वरणात कुस्करून द्यावी. शेंगदाणे अख्खे देऊ नयेत. जेवताना ताठ बसवावे, म्हणजे ठसका लागत नाही. जेवणाआधी चहा आणि दिवसभर मशेरी, यांनी भूक मरते. हे प्रेमाने सांगावे.

3. सावधगिरी

पुष्कळ दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खाऊ घालणे जिवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू वाढवावे. मधुमेह असेल तर गूळ-साखर नको. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. ताकदीच्या पावडरी आणि अनोळखी इंजेक्शने टाळावीत. झेपेल तसे खाटेवरून दिवसातून थोड्या वेळा उठ-बस करायला लावावे, म्हणजे खाल्लेले अंगी लागून स्नायू भरतात.

4. मंडळी काय करू शकते?

भेटीला जाताना बिस्किटांऐवजी शेंगदाणे, डाळ, तेल, अंडी न्यावीत. महिन्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते, ते घरी पोहोचते का, हे पाहावे. 65 वर्षांवरील निराधारांचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरायला मदत करावी. आणि सर्वांत मोठे काम म्हणजे शेजारी बसून दोन घास जेवावे. एकट्याला जात नाही ते सोबतीने जाते. एक भेट पुरत नाही. देवदूतही दोनदा आला होता.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत किंवा शेजारी एकटे जेवणारे वृद्ध कोण आहेत?
2. त्यांचे वजन शेवटचे कधी झाले?
3. येत्या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाईल, आणि त्यानंतर दुसऱ्यांदा कोण?

प्रार्थना: हे स्वर्गीय पित्या, थकलेल्या एलीयाला तू विसरला नाहीस. आमच्या पाड्यांवरील आजी-आजोबांकडे आम्हांला पाठव. आमच्या हातांत भाकर दे, आणि पुन्हा जाण्याची इच्छा दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.