आधी बँकेत शिरा, मग बँकिंगची पदविका

पदवीचे निकाल लागले की जळगाव-धुळ्यातल्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: बहिस्थ पद्धतीने बँकिंगचा पीजी डिप्लोमा केला, तर पोरगं बँकेत लागेल ना? नाही लागणार. अभ्यासक्रम वाईट असतो असं नाही, पण सरकारी बँकांची भरती त्याच्याकडे बघतच नाही.

सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसची पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षा द्यायला कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि वय २० ते ३० लागतं. क्लार्कसाठी २० ते २८. ओबीसींना वयात ३ वर्षांची, अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सवलत आहे. निवड परीक्षेतल्या आणि पीओसाठी मुलाखतीतल्याही गुणांवर होते, डिप्लोमाला वेगळे गुण नाहीत. क्लार्कच्या भरतीत त्या राज्याची भाषा लिहिता-वाचता-बोलता यावी लागते, म्हणजे आपल्या मुलांची मराठी इथे कामाला येते. स्पेशालिस्ट ऑफिसरच्या एचआर आणि मार्केटिंगच्या जागांना पदव्युत्तर शिक्षण लागतं खरं, पण ते दोन वर्षांचं पूर्णवेळ. तिथे दूरशिक्षणाचा कागद चालत नाही. कृषी अधिकाऱ्याच्या जागेला कृषी किंवा संलग्न विषयातली चार वर्षांची पदवी लागते. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलाने बँकिंगच्या डिप्लोमाची फी भरण्याऐवजी या जाहिरातीवर डोळा ठेवावा.

मग घरी बसून बँकिंग शिकण्याला अर्थ आहे का? आहे, पण नोकरी लागल्यावर. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही १९२८ सालची संस्था. तिच्या जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा सदस्य बँकांच्या कर्मचाऱ्यांसाठीच असतात. जेएआयआयबीचे चार पेपर, प्रत्येकी १०० गुणांचे, पास व्हायला ५०. कॉलेज नाही, हजेरी नाही. चोपड्याच्या किंवा साक्रीच्या शाखेत दिवसभर काउंटर सांभाळून संध्याकाळी वाचायचं. पास झालात की सरकारी बँकांत वेतनवाढ मिळते आणि बढतीच्या वेळीही उपयोग होतो.

या अभ्यासात खान्देशातली मुलं मागे पडण्याचं कारण नाही. उलट शहरातल्या मुलाला जे पाठ करावं लागतं, ते यांनी घरात पाहिलेलं असतं. साधं कर्ज ९० दिवस थकलं की बुडिताच्या वाटेवर, म्हणजे एनपीए. पीककर्जाला हा नियम लावला तर कापूस घरात यायच्या आत अर्धा गाव थकबाकीदार ठरेल. म्हणून तिथे मोजमाप हंगामाने होतं: कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, वर्षाहून लांब हंगामाच्या पिकाला एक. मार्च आला की वडील सोसायटीत जाऊन कर्जाचं नवं-जुनं का करतात, वेळेत भरणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज सात टक्क्यांऐवजी चार टक्क्यांना कसं पडतं, हे सगळं अभ्यासक्रमात आहे. सातबारा ज्याने हाताळला, त्याला तारणाचा धडा परका वाटत नाही.

आपल्या भागात आणखी एक वाट आहे आणि तिच्याबद्दल पालक फारसे विचारत नाहीत: जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार आणि लेखा या विषयांतली शासकीय पदविका. सहकार खातं ही परीक्षा घेतं, पदवीधराला ती स्वतः अभ्यास करून देता येते. जिल्हा बँक, नागरी बँका, पतसंस्था, विकास सोसायट्या असं सहकाराचं जाळं इथे आहे आणि त्यांचं लेखापरीक्षण दरवर्षी व्हावंच लागतं. जळगावकरांनी पतसंस्थांत अडकलेल्या ठेवी पाहिल्या आहेत, त्यामुळे 'सहकार' म्हटलं की घरातले दचकतात, हे मला कळतं. पण हिशेब तपासणाऱ्याची गरज नेमकी अशाच ठिकाणी जास्त असते. आधीच पतसंस्थेत काम करणाऱ्याने तर ही परीक्षा द्यावीच.

तरीही पदव्युत्तर पदवी हवीच असेल, तर वयाची वर्षं तिच्यापायी घालवू नका. भरतीची तयारी चालू ठेवून सोबत करा. २०२२ पासून एक पूर्णवेळ आणि एक दूरशिक्षणाचा असे दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला यूजीसीची मुभा आहे. पूर्णवेळ शिक्षणाची अट नसेल तिथे मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीचीच धरली जाते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी-शेती सांभाळणाऱ्यांना शिकवत आलंय. मात्र 'मुलीला बाहेरगावी पाठवायचं नाही' एवढ्याच कारणाने दूरशिक्षण निवडलं जात असेल, तर तो निर्णय शिक्षणाचा नव्हे.

पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रम आणि वर्ष, तिन्ही तपासा. एका वर्षाची मान्यता पुढच्या वर्षाला आपोआप लागू होत नाही. परराज्यातल्या खासगी विद्यापीठाचं 'अधिकृत केंद्र' दोन गाळ्यांत थाटलेलं दिसलं, तर सावध व्हा, कारण फ्रँचायझीला नियमात जागाच नाही. 'पेपर आम्ही बघून घेऊ' म्हणणाऱ्याकडून तर चहासुद्धा घेऊ नका. बँकेतल्या नोकरीची हमी देऊन अभ्यासक्रमाची लाखांत फी मागणाऱ्यांना विचारा: पद कोणतं, पगार हातात किती, दिलेलं टार्गेट चुकलं तर काय, आणि मधेच नोकरी सोडली तर फीचं कर्ज कोण फेडणार? उत्तरं तोंडी नकोत, लेखी घ्या.