बोआ निवडताना

चि. ईशान,


बोआ पाळायचा हे तू ठरवलंच आहेस, प्रश्न फक्त कोणता एवढाच आहे. तू पाठवलेल्या यादीत पाच नावं आहेत: दुकानात कोलंबियन रेडटेल म्हणून मिळणारा बोआ इम्परेटर, ब्राझिलियन रेनबो बोआ, होंडुरासचा हॉग आयलंड बोआ, रोझी बोआ आणि केनियन सँड बोआ. प्रत्येक नावापुढे तू रंग, स्वभाव आणि किंमत लिहिली आहेस. माझी हरकत नावांवर नाही, या रकान्यांवर आहे. पूर्ण वाढलेला साप केवढा होतो, किती वर्षं जगतो आणि त्याला लागणारी हवा तुझ्या खोलीत राखता येईल का, हे तीन रकाने त्यात नाहीत आणि निवड खरं तर त्यांच्यावरच व्हायला हवी. दुकानात दिसतं ते पिल्लू. घरात राहणार आहे तो मोठा साप.

इम्परेटरचंच बघ. जन्मतः तो जेमतेम दीड फुटाचा असतो, मनगटाला गुंडाळून बसतो आणि बघणाऱ्याला भुरळ घालतो. तीन-चार वर्षांत नर पाच-सहा फुटांचा होतो, मादी सहा ते आठ फुटांची. तिला किमान सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद पेटी लागते, आणि ती पेटी प्रत्येक घरबदलात तुझ्याबरोबर फिरणार. नीट सांभाळलेला बोआ वीस ते तीस वर्षं जगतो. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात एक बोआ चाळीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. तू आज बाविशीत आहेस. शिक्षण संपायचं आहे, नोकरी कोणत्या शहरात मिळेल ते ठाऊक नाही, भारतात परत यायचं की नाही तेही ठरलेलं नाही. ज्याचा स्वतःचा पत्ता दर दोन वर्षांनी बदलणार आहे, त्याने आठ फुटी सापाला पंचवीस वर्षांचा शब्द देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर तू म्हणशील की इम्परेटर शांत असतो आणि नवख्यांना तोच सुचवतात. शांत असतो, हे खरंच आहे. पण शांतपणामुळे त्याची लांबी कमी होत नाही. शिवाय बोआची ताकद हलक्यात घेऊ नकोस. त्याचा विळखा भक्ष्याचा श्वास कोंडून मारतो असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो, पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वेगळंच दिसलं: उंदराचा रक्तप्रवाहच काही सेकंदांत तुटतो. म्हणून मोठ्या बोआला खाऊ घालताना, हाताळताना दुसरं माणूस जवळ असावं लागतं. तुझ्या खोलीतला जोडीदार ते काम पंचवीस वर्षं करणार नाही. न जमल्यास कुणाला तरी देऊन टाकू, हा दुसरा युक्तिवाद मला जास्त खटकतो. प्राणिसंग्रहालयं असे साप सहसा घेत नाहीत आणि मोठ्या बोआला गिऱ्हाईक मिळणं कठीण. मग कुणीतरी रात्री पेटी उघडतो. अरुबा बेटावर १९९९ मध्ये पहिल्यांदा बोआ सापडला आणि आज तो तिथल्या पक्ष्यांच्या मुळावर उठला आहे. प्वेर्तो रिकोत आणि मायामीजवळही माणसांनी आणलेले बोआ रानात वाढत आहेत. यात सापाचा काही दोष नाही.

रेनबो बोआच्या अंगावर उजेड पडला की निळ्या-जांभळ्या छटा सरकत जातात. तो रंगद्रव्याचा खेळ नाही, खवल्यांच्या अतिसूक्ष्म रचनेचा आहे. दिसायला त्याच्यासारखा देखणा साप क्वचितच. पण तो ॲमेझॉनच्या ओलाव्यातला आहे. हिवाळ्यात हीटर लावलेल्या खोलीत हवा कोरडी पडते, मग त्याची कात सलग न निघता तुकड्यांनी निघते आणि डोळ्यावरची कात तशीच चिकटून राहते. सुट्टीत तू आठवडाभर इकडे आलास तरी पेटीतला ओलावा कुणाला तरी राखावाच लागेल. हॉग आयलंड बोआ आकाराने लहान, म्हणून मोह पडतो. पण पाळण्याच्या हौसेपायी होंडुरासच्या हॉग बेटांवरून एकेकाळी इतके साप उचलले गेले की तिथे ते जवळपास नाहीसे झाले होते. शिवाय त्या नावाने विकले जाणारे कित्येक साप संकरित असतात, म्हणजे लहान राहण्याची खात्रीही नाही.

उरले रोझी आणि सँड बोआ. दोन्ही चांगले, मी मात्र नर केनियन सँड बोआ सुचवेन. नर दीड फुटाच्या आसपास थांबतो, मादी अडीच फुटांपर्यंत जाते. तीन फुटांची पेटी, एका टोकाला ऊब, दुसरं टोक गार, लहान उंदीर आणि कोरडी हवा, एवढ्यात त्याचं भागतं. आपल्या मांडुळाचा तो नातलगच. इकडे मांडुळाला दुतोंड्या ठरवून, गुप्तधनाच्या नादाने लोक पकडतात आणि विकतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, त्यामुळे तशी हौस इकडे येऊन भागवण्याचा विचारही करू नकोस. सँड बोआ दिवसभर वाळूत गाडलेला असतो, मग बघायचं काय, असं तू विचारशील. संध्याकाळी दिवा मंद करून बस. वाळूवर फक्त डोक्याचा थोडासा भाग दिसेल. चिमट्यातला उंदीर जवळ आला की वाळू उसळते आणि क्षणात विळखा पडतो. त्याचं लपणं हाच त्याचा स्वभाव आहे. तो बघायला थोडा धीर लागतो, तेवढा तुझ्यात आहे.

घेताना रानातून पकडलेला घेऊ नकोस, पिंजऱ्यात जन्मलेलाच घे, आणि त्याने कधी काय खाल्लं याची नोंद मागून घे. घरात दुसरा साप असेल तर नव्याला तीन महिने वेगळा ठेव. बोआच्या अंगात घातक विषाणू वर्षानुवर्षं काहीही लक्षण न दाखवता राहू शकतो. विणीच्या दिवसांत नर कित्येक आठवडे खात नाही. वजन टिकून असेल तर घाबरू नकोस. हाताळल्यावर साबणाने हात धू, साल्मोनेला सापाच्या अंगावर असतो. गोठवलेले उंदीर मात्र खोलीतल्या सगळ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवू नकोस, त्यासाठी छोटा फ्रीजर वेगळा घे. पेटी आधी आण, थर्मोस्टॅट लावून आठवडाभर चालू ठेव आणि दोन्ही टोकांचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहून काढ. घरमालकाची परवानगी लेखी हवी. ती आली आणि तापमानाची वही भरली, की दोन्हींचे फोटो मला पाठव.

तुझा,
मामा